झडप तुम्ही बसवलीत, आयएनआर कोण बघणार?

प्रति,
राज्यातल्या हृदयशस्त्रक्रिया विभागांचे प्रमुख, तिथले डॉक्टर, परिचारिका, आरोग्यमित्र आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणारे सगळे

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पीकविमा, आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र), जे येईल ते काम करतो. डॉक्टरकीचा आणि माझा संबंध एवढाच, की तुमच्या हातचे कागद कधी ना कधी माझ्या काचेवर पालथे पडतात. पालथे घालता घालता वाचले जातात. वाचू नयेत हे कळतं, पण सवय लागली आहे. त्या सवयीतून आणि घरातल्या एका दुखण्यातून हे पत्र लिहितोय : हृदयाची झडप बसवल्यावर जन्मभर लागणारी आयएनआर नावाची रक्ततपासणी कुणी बघायची, याबद्दल.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, हृदयातली मायट्रल झडप तुमच्यातल्याच एका रुग्णालयात बदलली. वय २९. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं, ऑपरेशनला आमचा एक रुपया लागला नाही. आयसीयूतल्या एका सिस्टरनं रात्र तिचा हात धरून बसून काढली, ते आक्का अजून सांगते. छातीवरचा टाका इतका सुबक आहे, की आमच्या गावातल्या शिंप्यानं नाव काढलं. तक्रार तिथली नाहीच. तक्रार सुरू होते ती नवव्या दिवशी, डिस्चार्जच्या काउंटरपासून.

दुखणं जुनं होतं. आक्का दहा-अकरा वर्षांची असताना तिचा घसा सारखा धरायचा, मग सांधे सुजायचे. आज गुडघा, उद्या घोटा. आजीनं वात म्हणून तेल चोळलं, बिब्बा घातला. महिन्याभरात सांधे बरे झाले, सगळे विसरले. घशातल्या जंतूंनी येणारा तो ताप सांध्यांना चाटून जातो आणि झडप मात्र धरून ठेवतो, हे आम्हाला कळलं अठरा वर्षांनी, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) टेबलाजवळ उभं राहिल्यावर. तोवर लग्न झालं होतं, एक मुलगी झाली होती, आणि दम लागतो म्हणून दोनदा न्यूमोनियाचा इलाज झाला होता.

लोखंडी झडप बसली. (लोखंडी नसते, ठाऊक आहे, तुम्ही तिला यांत्रिक म्हणता. गावात तसंच म्हणतात.) पहिल्या रात्री घरी सगळे तिच्याभोवती बसून आवाज ऐकत होतो. मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यावर येतो तसा, बारीक टिक-टिक. भाचीला वाटलं आईनं खेळणं गिळलं.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगतो. अशा झडपेवर रक्त गोठू शकतं. गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. गोळी कमी पडली तर झडप अडकते किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. मधली वाट अरुंद आहे. ती वाट सापडते पीटी-आयएनआर नावाच्या रक्ततपासणीनं. आपल्या-तुपल्या रक्ताचा आयएनआर १ च्या आसपास असतो. मायट्रल जागी यांत्रिक झडप असलेल्याचा साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. सुरुवातीला आठवड्याला, पुढे आकडा स्थिरावला की महिन्याला तपासायचा आणि त्याप्रमाणे गोळी कमी-जास्त करायची.

आमच्या कार्डावर काय लिहिलं होतं? 'आर/व्ही १५ दिवसांनी ओपीडीत, पीटी-आयएनआरसह.' म्हणजे पंधरा दिवसांनी तपासणी करून दाखवायला या. बस्स. आयएनआर किती हवा, ते नव्हतं. आमच्याकडे तो कुठे होतो, ते नव्हतं. आकडा आल्यावर कुणाला सांगायचा, ते नव्हतं. फोन नंबर होता, तो रुग्णालयाच्या मुख्य दाराचा. तिथून एक बाई गोड आवाजात विभाग विचारते आणि मग सनई वाजत राहते.

तरी पहिले चार महिने आम्ही आलो. पहाटे चारला निघायचं, रात्री अकराला परत. सकाळी रक्त द्यायचं, दुपारी चारला रिपोर्ट, मग चिठ्ठीवर गोळीच्या मिलिग्रॅमचे दोन शब्द : 'एक दिवस ३, एक दिवस २.' त्या दोन शब्दांसाठी दोन माणसांचा दिवस, दाजींची हजेरी आणि आठशे-हजार रुपये. ऑपरेशन फुकट होतं आणि हे दोन शब्द महाग पडत होते. चौथ्या वेळी ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी कळवळून सांगितलं, 'एवढ्या लांबून कशाला येता? तिकडेच करा आयएनआर, काही वाटलं तर या.' चांगल्या मनानं सांगितलं. पण 'तिकडे' म्हणजे कुठे, हे त्यांना माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं.

मग दसरा आला.

आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला चार-सहा महिने कारखान्याच्या फडावर. आक्का ऊस तोडणार नव्हती हे नक्की होतं. पण दाजी चुलतभावाबरोबर जोडी करून निघाले, तेव्हा स्वयंपाकाला कोण? आक्का गेली. कोल्हापूरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. उसाच्या पाचटाची कोपी, समोर तीन दगडांची चूल. बॅगेत तुमचं कार्ड, मीच लॅमिनेट केलेलं.

तिनं हलगर्जीपणा केला नाही, हे मुद्दाम सांगतो. 'पेशंट गोळ्या घेत नाहीत, फॉलोअपला येत नाहीत' हे वाक्य मी तुमच्या कॉरिडॉरमध्ये चारदा ऐकलंय. आक्कानं एक गोळी चुकवली नाही. मोबाइलला रात्री आठचा गजर लावला होता. दीड महिन्यानं दाजी तिला तालुक्याच्या लॅबमध्ये घेऊन गेले, तीनशे रुपये भरले, आयएनआर केला. आला १.९.

आता तो रिपोर्ट डोळ्यांपुढे आणा. डावीकडे 'आयएनआर १.९', ठळक अक्षरात, पुढे वर जाणारा बाण. उजवीकडे छापलेलं, नॉर्मल ०.८ ते १.२. कुणासाठी नॉर्मल? ज्याला झडप नाही, गोळी नाही त्याच्यासाठी. लॅबचा छापील कागद सगळ्यांना एकच. दाजी तो कागद घेऊन तिथल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बाण पाहिला, तुमचं कार्ड उलटसुलट पाहिलं, त्यावर किती हवा ते कुठेच नव्हतं. ते म्हणाले, 'रक्त जास्त पातळ झालंय, गोळी कमी करू.' रोज २ केली.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे दोन कागद होते, एकावर चुकीचा आकडा छापला होता आणि दुसऱ्यावर बरोबर आकडा लिहिला नव्हता. एका ओळीचं काम होतं : 'हिचा आयएनआर २.५ ते ३.५ हवा.' बॉलपेननं लिहायला दहा सेकंद.

बावीस दिवसांनी दाजींना रात्री जाग आली. का आली ते त्यांना आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, आवाज येत नाहीये. इतके महिने ज्या टिक-टिकीवर झोप लागायची ती बंद. कान छातीला लावला तर आत कुठेतरी दबलेलं, गोधडीत गुंडाळल्यासारखं काहीतरी. आक्काला उताणं झोपता येत नव्हतं. पहाटे उसाचा ट्रॅक्टर कारखान्याकडे निघाला होता, त्याच्या ड्रायव्हरशेजारी बसवून तिला रस्त्याला आणलं, पुढे जीपनं मोठ्या रुग्णालयात. झडपेवर गुठळी. आयएनआर १.२. गुठळी विरघळवायचं औषध सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी आवाज परत आला. दाजी म्हणाले, वॉर्डात सगळे सलाइनकडे बघत होते, मी ऐकत होतो.

गुठळीचा एक बारीक तुकडा मात्र मेंदूकडे गेला. डावा हात वर्षभरात बराच सुधारला. पण भाकरी थापताना डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट अजून साथ देत नाही. भाकरी एका बाजूला जाड राहते. घरात कुणी त्यावर बोलत नाही, तीच भाकरी भाचीला आधी वाढतो.

तेव्हापासून मी काचेवर आलेली कार्डं जरा जास्तच लक्ष देऊन वाचू लागलो. झडप बदललेल्यांची दहा-बारा तरी हातून गेली असतील. संजय गांधी निराधारच्या अर्जाला जोडायला, अपंगत्वाच्या दाखल्याला, कधी नुसतं फाटू नये म्हणून लॅमिनेशनला. वेगवेगळ्या शहरांतली, सरकारी, खासगी, ट्रस्टची. दोन-तीन सोडली तर कुठेही 'किती हवा' हे लिहिलेलं नाही. काहींच्या पाठीमागे सुंदर तक्ता छापलेला असतो : तारीख, आयएनआर, डोस, सही. बारा ओळींचा. पहिल्या दोन-तीन ओळी भरलेल्या असतात, तुमच्याच ओपीडीतल्या अक्षरात. खाली कोरं. ज्यांच्या बाकीच्या ओळी कोऱ्या आहेत त्यांपैकी काही तरी वर्षानुवर्षं तोच डोस घेताहेत, जो शेवटच्या भरलेल्या ओळीत आहे. अर्ज भरताना विचारलं तर सांगतात, 'डॉक्टरनं हीच दिलीय.' कधी दिली? 'ऑपरेशन झालं तेव्हा.'

कार्डातल्या आणखी काही गोष्टी सांगतो, कारण त्या लिहिणाऱ्याला त्यांचं पुढे काय होतं ते दिसत नाही.

एक कार्ड होतं, त्यावर ओळ क्रमांक चारला 'दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, १२ लाख युनिट, स्नायूत'. आणि ओळ क्रमांक नऊला 'स्नायूत इंजेक्शन टाळावे'. दोन्हीला आपापल्या जागी कारण आहे. संधिवाताचा तो ताप परत येऊ नये म्हणून पेनिसिलीन हवं, आणि रक्त पातळ असताना स्नायूत सुई गेली तर आत रक्त साकळण्याची भीती. तज्ज्ञ माणूस म्हणेल, आयएनआर मर्यादेत असेल तर इंजेक्शन द्या, जागा नीट दाबून धरा. पण ते कार्डावर नाही. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं नऊ नंबरची ओळ दाखवली आणि परत पाठवलं. त्यांचं काय चुकलं? पेनिसिलीनच्या रिअ‍ॅक्शनची धास्ती त्यांना आधीच असते, त्यात तुमच्याच हस्ताक्षरात मनाई.

मेडिकलवाल्यांची वेगळी तऱ्हा. आमच्याकडे बहुतेकांना अ‍ॅसिट्रॉम लिहून दिलेली असते. ती संपली की दुकानदार वॉर्फरिन देतो, 'तेच आहे, रक्त पातळ करायचं.' ते तेच नाही. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे धरून चालत नाही. एकीचा असर दोनेक दिवसांत उतरतो, दुसरीचा चार-पाच दिवस रेंगाळतो. अंगदुखीच्या गोळ्या, जुलाबावरची मेट्रोनिडॅझोल, टीबीवरची रिफाम्पिसिन, सगळ्या या आकड्याशी खेळतात. कुठलंही नवं औषध सुरू झालं की आयएनआर लवकर बघायचा, एवढं एक वाक्य मराठीत मोठ्या अक्षरात असतं तर मेडिकलच्या काउंटरवर ते दाखवता आलं असतं.

आणि पालेभाज्या! 'हिरव्या पालेभाज्या बंद.' आमच्या घरी आई सहा महिने आक्काच्या ताटात मेथी पडू देत नव्हती. नंतर एका डॉक्टरांनी समजावलं, बंद नाही, रोज साधारण सारखी खा. पावसाळ्यात तांदुळजा, हिवाळ्यात मेथी-चाकवत रोज आणि उन्हाळ्यात काहीच नाही, असं झालं की आकडा हलतो. हे आईला एका मिनिटात कळलं, कारण दुभत्या म्हशीचा चारा एकदम बदलू नये हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

एक गोष्ट माझ्या बायकोनं सांगितली म्हणून कळली, मी पुरुष, मला कार्डात दिसूनही दिसली नव्हती. मीठ कमी, वजन उचलू नये, या दोन सूचनांच्या मध्ये इंग्रजीत दोन शब्द : गर्भधारणा टाळा. आक्काला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. तिला एकच मुलगी, सासूबाईंना नातू हवा, घरात दर सणाला तो विषय. यांत्रिक झडप असताना दिवस राहणं आईला धोक्याचं, आणि पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. हे २९ वर्षांच्या बाईला, तिच्या नवऱ्यासमोर, तिच्या भाषेत, खुर्चीवर बसून सांगायला हवं होतं. त्याऐवजी ते मिठाच्या शेजारी छापलं. संधिवाती झडपेच्या तुमच्या रुग्णांत तरुण बायका किती असतात हे मी तुम्हाला काय सांगणार.

आता तुम्ही म्हणाल, हे आमचं काम नाही, सरकारचं आहे. थोडं खरं आहे. योजनेचे कागद वाचणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे तेही वाचले आहेत. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांचा औषध-तपासणीचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला आहे. आपल्या राज्याच्या योजनेत ९९६ उपचारांच्या जोडीला १२१ फॉलोअप सेवाही होत्या. आता संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आहे, चांगलं झालं. पण १५ दिवस म्हणजे टाके वाळायचा काळ. आणि फॉलोअप म्हणजे परत तुमच्या शहरात, तुमच्या ओपीडीत. आमचा आयएनआर कोपीत राहतो. कागदावर सेवा असणं आणि वीस किलोमीटरच्या आत ती मिळणं, यांतल्या अंतराला योजनेत कोड नाही.

आरोग्यमित्रांबद्दल दोन शब्द. दाखल होताना त्यांनी शिधापत्रिकेपासून फोटोपर्यंत सगळं जमवून दिलं, एक सही राहिली तर दोन मजले धावत आले. ऑपरेशन झाल्याचा फोटो अपलोड झाला आणि त्यांच्या स्क्रीनवरून आक्का उतरली. त्यांना तसंच काम दिलंय. तेच काम पुढे चार फोनांपुरतं वाढवलं, महिना-तीन महिने-सहा महिने-वर्ष, तर निदान कोण हरवलं हे तरी कळेल.

अशक्य मागत नाही. आमच्याच तालुक्यात टीबीचा रुग्ण ऊसतोडीला गेला तर निक्षय पोर्टलवर त्याचं नाव दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येतं, तिथल्या केंद्रातून गोळ्या मिळतात. एचआयव्हीच्या रुग्णांसाठी मुख्य एआरटी (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या) केंद्राला जोडलेली लिंक केंद्रं आहेत. म्हणजे फिरत्या माणसाच्या मागे औषध फिरवणं या राज्याला जमतं. रवांडासारख्या देशात जिल्हा रुग्णालयांतल्या प्रशिक्षित परिचारिका बोट टोचून आयएनआर बघतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे डोस बदलतात, झडप बदललेल्या रुग्णांचासुद्धा. आमच्या सिस्टर त्यांच्यापेक्षा कमी हुशार आहेत असं मला वाटत नाही.

आणि मी स्वतः, या हातांनी, आक्काचा १४ अंकी आभा नंबर काढून दिला आहे. चौदा अंक. तिचा आयएनआर दोन अंकांचा असतो, मध्ये एक टिंब. तो त्या चौदा अंकांत कुठेच सापडत नाही, कारण तो तिथे कुणी टाकतच नाही.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून आपली देशी झडप तयार केली. ६ डिसेंबर १९९० ला ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. परदेशी झडप परवडत नाही म्हणून आपल्या माणसानं मरू नये, एवढ्या जिद्दीवर. तेव्हापासून तीस-पस्तीस वर्षं झाली, झडप गरिबाच्या छातीपर्यंत पोचली आणि तिच्याबरोबर जायची रक्ततपासणी मात्र जिल्ह्याच्या गावात किंवा तालुक्याच्या खासगी लॅबमध्ये अडकून राहिली. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या आल्या, ज्यांना आयएनआर लागत नाही. मी आशेनं चौकशी केली. यांत्रिक झडपेवर त्यांतली एक करून बघितली तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले, म्हणून २०१२ साली तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला होता, असं कळलं. म्हणजे आक्काला सुटका नाही. हीच गोळी, हीच तपासणी, जन्मभर.

म्हणूनच एक प्रश्न विचारायचा आहे, जरा धीटपणा करून. झडप निवडताना, यांत्रिक की जैविक (प्राण्याच्या ऊतींपासून केलेली), तुम्ही वय बघता. जैविक झडप तरुण माणसात लवकर झिजते, पुन्हा ऑपरेशन लागतं, म्हणून तरुणाला यांत्रिक. बरोबर आहे. पण अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही लिहिलंय, की रक्त पातळ करणारं औषध ज्याच्या बाबतीत नीट सांभाळता येणार नाही त्याला जैविक झडप द्यावी. आक्काला ऑपरेशनच्या आधी शंभर प्रश्न विचारले. 'तुम्ही ऊसतोडीला जाता का? आयएनआर कुठे कराल?' हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर कदाचित झडप तीच बसली असती. पण मग डिस्चार्ज कार्ड वेगळं लिहावं लागलं असतं.

तेवढंच करा म्हणतो. निघण्याआधी एक माणूस बसवा, जो रुग्णाला विचारेल की तुम्ही वर्षभरात कुठे कुठे राहता. त्या प्रत्येक ठिकाणाजवळ आयएनआर कुठे होतो ते शोधून, तिथे एक फोन करून, कार्डावर लिहील. होत नसेल तर निदान नमुना कसा पाठवायचा ते लिहील. मला एका लॅबवाल्यानं सांगितलं, निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंत बरोबर रक्त भरलं आणि झाकण न उघडता ठेवलं तर साध्या तापमानाला २४ तासांपर्यंत तपासता येतं. चोवीस तासांत आमच्याकडून कुठलीही एसटी जिल्ह्याला पोचते, बंद पडली तरी. कार्डाच्या पहिल्या पानावर चौकट आखा, आत लिहा : आयएनआर इतका ते इतका हवा, लॅबच्या नॉर्मलकडे बघू नका. त्याखाली गोळीचं नाव, आणि 'बदलून देऊ नये'. आणि एक मोबाइल नंबर, ज्यावर रिपोर्टचा फोटो टाकला की त्याच दिवशी कुणीतरी उत्तर देईल : एवढी घ्या, पुन्हा अमुक तारखेला. डॉक्टरच हवा असं नाही. प्रशिक्षित सिस्टर चालेल. दोन शब्दांचं तर उत्तर आहे, आम्ही ते घ्यायला चार महिने एसटीनं येत होतो.

आक्काचं सध्या बरं आहे. आयएनआर मागच्या महिन्यात २.८ आला. एका ओळखीच्या डॉक्टरांना मी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, ते डोस सांगतात. ते हृदयाचे नाहीत, आमच्यावर उपकार म्हणून करतात, आणि पुढच्या महिन्यात त्यांची बदली होणार आहे. तारखा आणि आकडे मी दुकानातल्या एका वहीत लिहितो. पीकविम्याच्या वहीच्या मागच्या बाजूला. आता त्या वहीत आणखी चार नावं आली आहेत, झेरॉक्सला आलेलीच माणसं. कुणाची तारीख उलटली तर मी फोन करतो. डोस काय घ्यायचा विचारतात, तेव्हा गप्प बसावं लागतं.

घटस्थापना जवळ आली. दाजींनी यंदाही उचल घेतली आहे. आक्काची पुढची तारीख दिवाळीनंतर तिसऱ्या आठवड्यात येते, तेव्हा ती फडावर असेल. यंदा कारखाना कुठला, ते मुकादमानं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की कळवतो. कुणाला कळवायचं, तेवढा नंबर द्या.

आपला,
झेरॉक्सवाला
ता. आष्टी, जि. बीड